साच्यात अडकलेली पुंगळी

अबू धाबी,
१७ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप अंबादासकाकांस,

उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. काकूंची साखर आणि शेजाऱ्यांशी चाललेला नळाचा वाद, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. आम्ही आहोत. ‘मजेत’ लिहायला हात धजत नाही.

त्याचं असं झालं. मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपचे इंग्रज साहेब क्लबात नेमबाजी करतात आणि रीतसर परवान्यावर काडतुसं घरीच भरतात. मी एकदा बोलून गेलो की माझे काका बत्तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात होते. (कँटीनमध्ये, हे सांगायच्या आत त्यांनी माझा हात दाबला.) झालं! रजेवर जाताना त्यांनी उडवलेल्या काडतुसांच्या दोनशे रिकाम्या पितळी पुंगळ्या, हाताचा प्रेस आणि पोलादी साचा माझ्या घरी आणून ठेवला. गोळी सुटली की पुंगळी फुगते. ती साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, एवढंच काम. दारूचा कणही नाही. (फुगलेलं मूळ मापाला आणण्यावरून प्रमोदिनी माझ्या पोटाकडे बघून जे बोलली ते गाळतो.)

प्रत्येक पुंगळीला आधी वंगण लावावं लागतं. ते एकशे दहाव्या पुंगळीला संपलं. साहेब दुसऱ्या दिवशी परतणार, म्हणून मी एक कोरडीच सरकवली. ती आत गेली ती तिथलीच झाली. जेवणाच्या टेबलाला आवळलेल्या प्रेसचा दांडा जोर लावून ओढला, तर पुंगळीची कड तुटली, टेबलाचा पाय निखळला आणि आमटी जमिनीवर. वेदांग शांतपणे म्हणाला, “बाबा, इट्स स्टक.” प्रमोदिनी रडायलाच लागली. साहेबांनी काढून टाकलं तर नोकरी खलास, व्हिसा खलास, पोराची शाळा खलास.

सकाळी साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं, कँटीनसकट. त्यांनी साचा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी कपाट उघडून तसेच अडकलेले तीन साचे दाखवले, आणि वंगणाची नवी डबी माझ्या हातात ठेवली. ‘चल’ म्हणायला इथे इंग्रजही अरबी वापरतात: “यल्ला, उपेंद्र. नाइन्टी मोअर.”

आपला दमलेला पुतण्या,
उपेंद्र

ता. क. खांद्याला चोळायचं ते वैद्यांचं तेल कुणी इकडे येणारं असेल तर पाठवा. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. काका, मी प्रमोदिनी. पाकीट बंद करताना वाचलं. शंभरीनंतर ह्यांचा खांदा चालेना, म्हणून दांडा मी घेतला होता. कोरडी पुंगळी मी सरकवली. साहेबांनाही ह्यांनी सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. तेलाच्या बाटल्या दोन पाठवा.