थांबवलेला लॉट

१३ फेब्रुवारी २०२३

बाबूजी,

पाया पडतो. आईलेही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? उन्हाळी धानाची रोवणी आटोपली असेल. मी बरा आहो. थंडी कमी होऊन राहिली.

फोनवर तुम्ही विचारता, चेहरा काऊन नाही दाखवत? मी म्हणतो, कारखान्यात मनाई आहे. तुमच्या भवताल निम्मं गाव बसलेलं असते. "आमचा योगराज जपानात कॉम्प्युटरची मेमरी चिप बनवते," असं सांगून राहता तुम्ही. कसा दाखवू?

चिपचा बाजार पार बेक्कार झाला. कोरियावाले ढिगानं काढतात, चीनवाले त्याहून स्वस्त देतात. आमची कंपनी लहान. एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं. नोव्हेंबरात त्याचा माल निघायचा होता, तपासणी माझ्याकडे. तापवल्यावर हजारात दोन-तीन चिप चुकत होत्या. नियमात बसत होतं. साहेब म्हणाले, सोड. मी लॉट थांबवला.

काऊन, माहीत आहे? आपल्या वावरातल्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीतून बोटभर पाणी झिरपलं तं तुम्ही अख्खी पाळ खोदून पुन्हा बांधली होती. गाव हसलं होतं. तेच डोक्यात बसलं माझ्या. फेरतपासणीत बारा दिवस गेले अन् गिऱ्हाईक कोरियावाल्यांकडे गेलं. डिसेंबरात आमची लाइन बंद, चाळीस जण घरी. मले कोणी शिवीही दिली नाही. दिली असती तं बरं झालं असतं.

मी जपानात नाही, बाबूजी. महिना झाला, तिरोड्यात माझा दोस्त चैतरामच्या खोलीवर आहो. घरी याले दोनदा आपल्या गोरेगावच्या एसटीत बसलो, दोनदा उतरलो. लाज वाटते. अन् तुमचा रागही येते, खरं सांगतो. तुमच्यासारखा वागलो अन् बुडालो.

पण रीताचं काय? या रविवारी आमचा साखरपुडा, अन् सोमवारी ती दवाखान्यातली नोकरी सोडणार, माझ्यासंग जपानाले जायचं म्हणून! तिले आजच सांगा. नातं मोडलं तरी चालेल, तिची नोकरी नको जायले.

हे पत्र घेऊन चैतराम येते. मी गोरेगावच्या स्टँडवर बसलो आहो, पुढं पाय उचलत नाही. त्याच्याजवळ एवढंच सांगून पाठवा, माझ्या जागी तुम्ही असते तं लॉट थांबवला असता का? हो म्हणाले तं घरी येतो, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो. नाही म्हणाले तं बाबूजी, इतकी वर्षं मी कोणाले पाहून शिकलो?

तुमच्याच वळणावर गेलेला,
योगराज