धुळीविना शर्यत

प्रिय हितेंद्र,

मी तुझी आजी इंदिराबाई, गाव पाचोऱ्याजवळ. आणि तू परदेशात शर्यतीचे घोडे पळवतोस. एवढं आधीच कळवते, कारण तीन महिन्यांत फोन नाही म्हणजे तू दोन्ही विसरला असशील. शेजारची डिंपल लिहिते आहे. अक्षरं तिची, टोमणे माझे.

तू पाठवलेली शर्यत तिच्या मोबाईलवर पाहिली. बाबा, धूळ कुठे गेली? आपल्या आखाजीच्या सणाच्या शर्यतीत लोट बघून कळायचं कोण पुढे आहे. बाकीचे धूळ खात मागून. तुमचे घोडे मात्र वरातीला निघाल्यासारखे एका घोळक्यात, आणि शेवटच्या वळणानंतर सगळे एकदम उधळले. त्यात तू कोणता तेच कळेना. मी लाल टोपीवाल्याला आशीर्वाद देत बसले, तो निघाला दुसऱ्याचाच पोरगा. जिंकलाही तोच.

मग डिंपलने तुझं लिहिलेलं वाचलं. ती जमीन मातीची नाही, वाळूत मेण आणि रबराचा चुरा कालवलेला. पाणी पडलं तरी झिरपून जातं, घोडा सहसा घसरत नाही, म्हणून सगळ्यांचा वेग सारखा. तिच्याकडून चारदा वाचून घेतलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

तुझा बाप हेमराज ज्या आखाजीला पडला, तेव्हा तू सात वर्षांचा होतास. आपल्या खळ्यामागच्या वळणावर घोडी घसरली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. गाव घोडीला नावं ठेवत होतं. तो स्वतःलाच दोष देत एवढंच म्हणाला, “घोडीनी चूक नही व्हती, मनाच हात ढिला पडना.” तू घोड्यावर बसलास तसं त्याने तुझ्याशी बोलणं टाकलं. त्याला वाटतं, तो ढिला हात तुझ्यातही उतरला आहे.

लेकरा, त्या दिवशी खळ्यात माझे बिबडे वाळत होते, ज्वारीचे पापड, लुगड्यावर पसरलेले. त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून पहाटे मी वळणावर चार हंडे पाणी शिंपडलं. वरून सुकलं, पण काळी माती आतून लोण्यासारखी. आजवर कोणाजवळ बोलले नाही. तुझ्या जमिनीवर चार हंडे ओतले तरी काही होत नाही, हे ऐकून तुझ्यापुरतं बरं वाटतं, आणि लगेच जेवण जात नाही. हे कसलं बरं वाटणं, मला समजत नाही.

हेमराजला सांगू का, हे विचारायला पत्र लिहवलं. सांगितलं तर त्याचा हात निर्दोष ठरेल, तुझ्याशी बोलेलही. माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. डिंपलला कानबाईची शपथ घातली आहे, पण तिचा मोबाईल घरभर फिरतो आणि टपाल आधी तुझ्या बापाच्या हाती पडतं. तेव्हा उत्तर लिहू नकोस. इकडे येणाऱ्या कोणाबरोबर खाऊ पाठव. सांग असं वाटलं तर खजूर, गप्प राहा असं वाटलं तर बदाम. मला एकही दात उरलेला नाही, तेवढं लक्षात ठेवून पाठव.

तुझीच,
आजी