सासऱ्यांचं जहाज आणि माझी मेंढी

ती. गोंत्येताईस, सिल्ट बेटावरून धाकट्या केइकेचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला आता बरा असेल. (आपल्या फ्योर बेटाच्या वाऱ्याला दोष देऊ नका, इथला त्याहून द्वाड आहे.)

मंगळवारी मी मामंजींना जवळजवळ बुडवलं. आधी ऐक, मग ओरड. नवरोबा एर्क कामासाठी पलीकडे किनाऱ्यावर, घरात मी एकटी. मामंजी ओहोटी बघून होडीचा तळ खरवडायला गेलेले. तिथून त्यांचा फोन आला. नुसता वारा, आणि मधूनच "...एप! पाय अडकला! धाव!" आता आपण फ्योरकर जहाजाला म्हणतो 'स्काप' आणि मेंढीला 'शेप'. हे सिल्टकर जहाजालाच म्हणतात 'स्केप'. सुरुवातीचं अक्षर वाऱ्याने खाल्लं, हाती उरलं 'एप', आणि मी ऐकलं 'शेप': मेंढीचा पाय अडकला. (सासरी राहून चार वर्षं झाली, पण घाईत कान माहेरचेच.) मी चहा संपवला, दावं आणि चाऱ्याची बादली घेतली आणि रमतगमत समुद्राच्या बांधावर चढले. बघते तर होडी गाळात कलंडलेली, तिच्याखाली मामंजींचा पाय, आणि भरतीचं पाणी कमरेला लागलेलं.

बचाव पथकाला फोन केला. ते निघाले, पण पाणी त्यांच्या आधी निघालं होतं. मी आत शिरले.

"बादली कशाला?"

"मेंढीला!"

"कुठल्या मेंढीला, बये?"

होडी माझ्याने हलेना. मामंजी म्हणाले, "ओढू नकोस, पाणीच उचलेल तिला. तू मला धर." त्यांच्या काखेतून दावं घालून त्यांना धरून उभी राहिले. पाणी छातीला, मग गळ्याला. मी रडत होते आणि हा माणूस हनुवटी वर करून म्हणतो, "म्हण, स्केप. 'ए' आखूड! तुम्ही फ्योरवाले स्वर फार ताणता."

"मामंजी, गप्प बसा, तोंडात पाणी जाईल!"

लाट ओठांपर्यंत आली तेव्हा ते खरोखरच गप्प झाले. ताई, ती शांतता मला सोसेना. मीच ओरडले, "स्केप! स्केप!" आणि होडी वीतभर उचलली गेली. हिसका दिला, पाय सुटला. घोट्याचं हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे. सुनेने चारा आणला, हे इस्पितळभर सांगून झालं.

तुझी,
केइके

ता. क. भावजींना सांगू नकोस. त्यांच्या सगळ्या फेरीबोटीला कळेल.

ता. ता. क. त्या पाण्यात आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो. मला दिवस गेलेत. एर्कलाही अजून सांगितलं नाही. बाळंतपणाला तू ये. मामंजी पहिल्या दिवसापासून पाळण्याशी खुर्ची टाकून 'स्केप' शिकवत बसणार, मी ओळखून आहे. त्यांच्या आधी पोच.