दुसरी किल्ली

४ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी निवड झाल्याचं तुझ्या बाबाने फोनवर अशा आवाजात सांगितलं, की मला वाटलं कोणाला तरी रुग्णालयात हलवलंय. पोरीने सहा महिने बिनपगारी राबायचं, तेही घरापासून इतकं लांब, आणि त्याला इंटर्नशिप म्हणायचं, हे त्याचं दुःख. मी म्हटलं, तुला बँकेत पगार मिळत होता, पण तू केलंस काय ते कधी कोणी विचारलं का? फोन आपटला त्याने.

तरी एक विचारतेच. आगीतून, गोळीबारातून उठून आलेल्या कुटुंबांना नवीन घर लावून द्यायचं, हे तुमच्या संस्थेचं काम मोठं आहे, कबूल. पण गुळगुळीत कागदावर रंगीत माहितीपत्रकं छापायला यांना जमतं, आणि मुलीच्या दुपारच्या जेवणाची सोय करायला जमत नाही? मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझा जन्म गेला. कोणी फार चांगलं वागू लागलं की मी आधी दाराची कडी तपासते.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसती 'मजेत आत्या, जेवले आत्या' करतेस. पत्रात खोटं बोलायला कष्ट पडतात, म्हणून पत्र लिही. मी ऑफिसच्या पत्त्यावर लिहीन. तुझ्या भाड्याच्या खोलीखाली पत्रपेट्यांची दारं निखळलेली आहेत म्हणालीस.

रागवायचं तर माझ्या जिभेवर रागाव. बाकी लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी आत्या


१५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कागद घेऊन बसले आणि शाळेत शिक्षा म्हणून लिहिलेले निबंध आठवले. पण आता हात बसलाय.

कुटुंब यायच्या आधी आम्ही त्यांचं घर लावतो. पलंग, दिवे, पडदे, फडताळात चहा-साखर. आल्यावर शेगडी कशी पेटवायची, बस कुठून धरायची, ते दाखवतो. मी इतक्या गाद्यांना चादरी घातल्यात, की माझं लग्न झालं तर मी जमिनीवर झोपेन म्हणते.

इथे सगळ्यांचे लाडके म्हणजे कुलूपवाले भाऊ. काही वर्षांपूर्वी तेही असेच जीव वाचवून आले. तिकडे कुलपं करायचे, इथेही तेच करतात. प्रत्येक घराला भाऊ नवं कुलूप बसवतात आणि एक किल्ली घरच्या बाईच्या हातावर स्वतः ठेवतात. दुसरी ऑफिसात, अडीअडचणीला. त्या क्षणी बहुतेक जणी रडतात, आम्हीही रडतो. माहितीपत्रकावरचा फोटो तोच. त्यांच्या मुलखातली भाषा ऑफिसात दुसऱ्या कोणाला येत नाही, म्हणून दुभाषेही तेच.

परवा माझं पहिलं कुटुंब आलं. एक शिंपीणबाई आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलगी खिशात बटणं घेऊन फिरते, म्हणून मी तिला बटण म्हणते. त्यांची अख्खी गल्ली जळली, आत्या, माणसांसकट. ह्या दोघी तेवढ्या उरल्या. पुढच्या महिन्यांत तिकडचं न्यायालय व्हिडिओच्या पडद्यावरून बाईंची साक्ष घेणार आहे. भाऊंनी किल्ली पुढे केली, तर बाईंनी हातच उचलला नाही. किल्ली खाली पडली, बटणने उचलली. मग बाईंना नव्या बेसिनमध्ये उलटी झाली. भाऊ म्हणाले, लांबचा प्रवास बाधतो. बिचारी.

तुझ्या जिभेसकट तू मला हवी आहेस, हे विसरू नकोस.

तुझी
टिटवी


२२ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

प्रवास बाधला तर उलटी गाडीत होते, टिटवे. घरी पोचून, दिवे-पडदे बघून, माणसांच्या ओळखी झाल्यावर होते ती उलटी वेगळी.

मला तीन गोष्टी कळव. दुसरी किल्ली ऑफिसात असते हे समजलं. ऑफिसात कोणाच्या ताब्यात असते? बाई काय म्हणते ते तुला भाऊ सांगतात आणि तू काय म्हणतेस ते तिला भाऊच सांगतात. मग भाऊ नसताना ती कशी असते, हे तू कधी पाहिलंस? आणि ती नीट जेवते का?

वसतिगृहात एका मुलीचा मामा यायचा. असा गोड, की स्वयंपाकीणबाई न सांगता त्याला चहा करायची. तो येऊन गेला की मुलगी ताटावरून उठायची. मी मामांना फाटकाबाहेर काढलं, तेव्हा विश्वस्तांनी मला उद्धट ठरवलं. ठरवू देत. ती मुलगी आता डॉक्टर आहे आणि माझ्या शेजारीच राहते.

तुझे भाऊ देवमाणूस असतीलही. असले तर माझ्या प्रश्नांनी झिजणार नाहीत.

उत्तर लवकर दे. माया आहे म्हणून घाई करते.

तुझी आत्या


३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, तुला प्रत्येक पुरुष फाटकापाशी उभा असलेला मामा का दिसतो? किल्ल्यांचा फळा भाऊंनीच केलाय, सांभाळतातही तेच. आमच्या संचालकबाई म्हणतात, संस्थेचं हृदय कुठे असेल तर ते भाऊंच्या अवजारांच्या पिशवीत.

खालच्या मजल्यावरून तक्रार आली, की शिंपीणबाई रोज संध्याकाळी फर्निचर ओढतात. बघायला गेले, तर पलंग दाराला लावलेला. मी भाऊंमार्फत विचारलं. भाऊ म्हणाले, दार सैल आहे असं तिला वाटतं. म्हणून मीच त्यांना दुरुस्तीला पाठवलं, नंतर आणखी दोनदा पाठवलं. आतली कडीही खिळखिळी होती म्हणे, ती काढून नेलीय, नवी आणतील. त्यांच्यासमोर बाईंना विचारलं, तर 'ठीक' म्हणाल्या. इथे आलेला प्रत्येक जण आमच्याकडून पहिला शब्द 'ठीक' हाच शिकतो. वेगळं काही बोललो तर परत पाठवतील, अशी त्यांना भीती असते. जेवत नाहीत फारशा, हे मात्र खरं.

माझीही एक बातमी. सहा महिन्यांनी एक जागा कायम होणार आहे. संचालकबाईंनी सुचवलं, की सगळ्यांशी जुळवून घेणारी मुलगी त्यांना हवी आहे. तेव्हा मला जुळवून घेऊ दे.

आणि ज्यांच्यावर तू डूख धरलायस ते भाऊच तुझी पत्रं माझ्या टेबलावर आणून देतात बरं का. पाकीट बघून म्हणतात, काय छापल्यासारखं अक्षर! कॉन्व्हेंटची कमाल, मी म्हटलं. आत्या एकट्याच राहतात का, असंही काळजीने विचारत होते.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.

तुझी
टिटवी


९ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या खोलीच्या पत्त्यावर, सही घेऊनच द्या असं बजावून पाठवते आहे. ऑफिसच्या पत्त्यावर माझं यापुढे एक अक्षर येणार नाही.

घाबरलेल्या बाईच्या दाराची आतली कडी काढून नेणारा कुलूपवाला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि तू त्याला दोनदा, तीनदा धाडलंस. ती पलंग लावून सांगत होती की तो नको, आणि तुम्ही शहाणी माणसं तिची तक्रार ऐकून त्यालाच बोलावत होता! मला संताप लिहितासुद्धा येत नाही.

बाजारातून जाडजूड कडी आण, पेचकस आण. तो दुसऱ्या घरी कामाला असेल तेव्हा एकटी जा आणि स्वतः बसव. काही विचारू नकोस. नुसतं तिच्या तोंडाकडे बघ. मुलगी शाळेत जाते ना? पोरं भाषा भराभर उचलतात. तिच्याजवळ बस आणि तोंड मिटून ठेव, तुला जमत असेल तर.

जागा कायम होण्याचं नंतर बघू.

तुझी आत्या


१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई तीच आहे. शेजारी बटण आहे.

मी कडी बसवली. शेवटचा स्क्रू पिळला, तशी बाईंनी मला बाजूला केलं. कडी स्वतः सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. मग तिथेच दाराशी जमिनीवर आडव्या झाल्या आणि भर दुपारी गाढ झोपल्या. इतके दिवस बहुतेक झोपल्याच नव्हत्या.

बटणने फरशीवर तिची बटणं दोन ओळींत मांडली. मध्ये रस्ता. म्हणाली, घर, घर, घर. मग प्रत्येक घराशी बोट नेऊन हवेत किल्ली फिरवायची आणि शाळेत शिकलेला शब्द म्हणायची. बाहेरून. बाहेरून. बाहेरून. मी विचारलं, कोण? तिने नव्या दाराच्या कुलपाकडे बोट दाखवलं. मग तळहाताने सगळी बटणं एका झटक्यात पुसून टाकली. मग खुणांनी, मोडक्या शब्दांत सांगितलं, की गल्ली जळली त्या दिवशी बाई एका नवरीचं माप घ्यायला पलीकडच्या रस्त्यावर गेली होती, मुलीला घेऊन. परत येताना कोपऱ्यावरून दोघींनी पाहिलं. त्यानेही त्यांना पाहिलं.

आत्या, त्या गल्लीतली कुलपं त्यानेच केलेली होती.

मी धावत संचालकबाईंकडे गेले. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग म्हणाल्या, आरोप फार गंभीर आहे, लहान मुलीच्या खेळावरून कोणाचं आयुष्य उद्ध्वस्त करता येत नाही, आणि दुसऱ्याची बाजू ऐकून घेणं हे संस्थेचं तत्त्व आहे. संध्याकाळी त्याला बोलावून विचारणार आहेत. विचारणार आहेत, आत्या! त्याला!

म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत मी दोघींना तुझ्याकडच्या गाडीत बसवते आहे. मी न्यायालयाच्या इथल्या कचेरीत जबाब देऊन मागून येते. नोकरी गेली असं समज. मी चूक केली, ती तू सांभाळ.

तुझ्या आशीर्वादाची आज खरीच गरज आहे.

तुझी
टिटवी


२ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. हात कागदावर आहे आणि पाय शिवणयंत्रावर. जबाबांसाठी तुला तिकडे अजून अडकवून ठेवलंय, म्हणून हे पत्र यंत्राच्या खणात ठेवीन, येशील तेव्हा तिथे शोध.

गेले काही दिवस घर कसं भरलं होतं सांगू. बाईने माझ्या आईचं बंद पडलेलं पायाचं मशीन उघडलं, तेल घातलं आणि घरातला प्रत्येक पडदा उसवून पुन्हा शिवला, कारण माझी शिवण तिला बघवेना. बटण माझ्या चुका काढते, मी तिच्या. परवा मला म्हणाली, तू ओरडतेस पण जेवायला जास्त वाढतेस. ठसकाच लागला मला.

आज जेवणं झाल्यावर तो आला. निळा इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, खांद्याला चामड्याची दुसरी. रंग, उंची, सगळं तू पोलिसांना सांगितलंच असशील, हेही सांग. फाटकाबाहेरून अदबीने म्हणाला, की न्यायालयाच्या कागदावर बाईची सही राहिली आहे. मी म्हटलं, अशी कोणी बाई इथे नाही. तो म्हणाला, मशीन ऐकू येतंय. मी म्हटलं, माझ्या घरात मी शिवीन नाहीतर फाडीन, तुला काय करायचंय? हसला. म्हणाला, हा हात ओळखीचा आहे, आमच्या गल्लीत दिवसभर हाच आवाज असायचा. मग माझ्या अक्षराची स्तुती केली, तुझी चौकशी केली, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला.

पोलिसांना फोन केला. फोनवरचा मुलगा मला समजावत होता, आजी, बाकावर बसणं हा गुन्हा नाही. मी त्याला आजीपणा दाखवला. मोकळी गाडी आली की पाठवतो म्हणाला. कधी मोकळी होणार, ते देव जाणे.

तेवढ्यात शेजारच्या डॉक्टरने दोघींना मागच्या अंगणातून नेलं. बटणने चपला हातात घेतल्या होत्या. कुठे नेते ते मला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं. तुला ती स्वतः कळवेल. साक्षीच्या दिवशी तू बाईच्या शेजारी बस, आणि दुभाषी दुसऱ्या शहरातून, न्यायालयाकडून मागव. तुझ्या संचालकबाईंचं तत्त्व आड आलं, तर माझं नाव घेऊन चार शब्द सुनाव.

जाताना बाई मशीनकडे बघत थबकली. तिच्या आधी मला कळलं. आवाज थांबला, की तो उठणार. म्हणून तिच्या जागी मी बसले. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला सिस्टर माझं कापड उचलून वर्गाला दाखवायच्या, असं करू नये म्हणून. दोरा ओवता आला नाही, म्हणून नुसती सुई चालवते आहे जुन्या चादरीवर. तिची लय मला साधत नाही. ती झरझर जायची आणि वळणावर जराशी थांबायची. मी आपली एकसुरी चालले आहे. त्याच्या ध्यानात आलं असेल का, याचाच विचार करते आहे.

आलं आहे. उठला. फळं बाकावरच ठेवली, खांद्यावरची पिशवी तेवढी घेतली.

फाटकाला कुलूप आहे. त्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही, माझ्याकडे बघत बघतच उघडलं.

डॉक्टरची गाडी अजून मोठ्या रस्त्याला लागली नसेल. दारामागे पलंग ओढायची ताकद माझ्यात नाही, आणि पाय काढला तर आवाज बंद पडेल. आपण चुकलो, ती आतच आहे, असं त्याला अजून थोडं वाटू दे. तो पायऱ्या चढतो आहे, सावकाश, पाहुण्यासारखा. आत आला की मी त्याला आधी चपला बाहेर काढायला सांगणार आहे.

बाबाला एवढ्यात काही सांगू नकोस. लोभ होताच, टिटवे. म्हणून तर जीभ एवढी चालली.

मशीन चालू आहे.

तुझी आत्या