अर्ध्या घराचा मालक

वडगाव, बेळगाव
जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप मारुतीराव दाजी आणि मनुआक्का, तुम्हा उभयतांच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या रवळूचा नमस्कार.

आम्ही इकडे देवाच्या कृपेने आणि शेजाऱ्यांच्या सोशिकपणाने ठीक आहोत. दाजी, तुमचा गुडघा काय म्हणतो? कणकुंबीची थंडी हाडात शिरते, आणि घरे बांधणाऱ्या माणसाला गुडघा टेकल्याशिवाय एक चिरा बसवता येत नाही, हे मला कळते. आक्काने पाठवलेले पोहे पोचले. (सोबत पाठवलेला उपदेशही पोचला. पोहे संपले.)

तर बातमी अशी की आम्ही घर घेतले. म्हणजे अर्धे घेतले. आता ‘अर्धे घर म्हणजे काय रं?’ म्हणून तुम्ही चष्मा कपाळावर चढवाल, तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.

कॅम्पात मी लष्कराचे सदरे शिवतो ते तुम्हाला ठाऊक आहे. लढाईने माझी सुई चालवली हे खरे, पण त्याच लढाईने माझे बिऱ्हाडही उठवले. आमच्या घरमालकाला एक ठेकेदार भेटला आणि त्याने खोलीचे दुप्पट भाडे कबूल केले. मालक सज्जन. त्याने आम्हाला चहा पाजून, जयाबाईच्या प्रकृतीची चौकशी करून, मग होळीच्या आत खोली सोडायला सांगितली. जयाबाईला तेव्हा चौथा महिना. ती मला म्हणाली, ‘‘आता भाड्याच्या खोलीत बाळंतपण न्हाय. ऊठ म्हटलं की उठायचं, आनि बस म्हटलं की बसायचं. आपल्या चार भिंती बघा.’’ माझ्या वाटणीच्या भातशेताला तुम्ही चांगले गिऱ्हाईक मिळवून दिलेत, भाऊबंदांत एक शब्द वाढू दिला नाहीत, म्हणून हातात चार पैसे तरी होते. दाजी, ते उपकार मी तोंडावर बोलू शकलो नसतो. कागदावर बोलायला लाज वाटत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

घरे दाखवायला यल्लाप्पा नावाचा दलाल धरला. या माणसाच्या तोंडात सदा पान असते, त्यामुळे तो घराचा भाव सांगतो तेव्हा नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू येते तेव्हा पुन्हा विचारण्याची ताकद राहत नाही. पहिले घर त्याने शहापुरात दाखवले. माजघरात उभे राहून वर पाहिले तर कौले कमी आणि घारी जास्त. मी म्हटले, ‘‘हे काय?’’ तर म्हणाला, ‘‘हवा लई खेळती हाय.’’ दुसरे खासबागेत. ते बरे होते, पण मधल्या खोलीत मालकाची म्हैस बांधलेली, आणि म्हैस व्यवहारात धरलेली नाही, तिला फक्त तिथे राहण्याचा हक्क आहे, असे मला समजावून सांगण्यात आले. मी शिंपीटेप घेऊन हिंडत असे. घराची मापे घ्यायला दुसरे साधन नव्हते. एका मालकाने तर विचारले, ‘‘भिंतीला सदरा शिवताय व्हय?’’

पण खरी पंचाईत वेगळीच होती. जिथे जावे तिथे एक काटकुळा, काळी टोपी घातलेला गृहस्थ माझ्या आधी येऊन भिंतीवर बोटाने टकटक करत उभा असायचा. मी आलो की यल्लाप्पा मला बाजूला घेऊन कानात सांगायचा, ‘‘निपाणीचा तंबाखूचा व्यापारी हाय. पोत्यानं पैसा. आजच्या आज बोला.’’ मग मी बोलत असे. मी बोललो की तो काळी टोपीवाला बोलत असे. तो बोलला की मालकाला आपल्या घराविषयी नवीनच प्रेम उत्पन्न होत असे. असे करत सकाळी माझ्या आवाक्यातले घर दुपारी त्याच्या आवाक्यात जाई आणि संध्याकाळी दोघांच्याही आवाक्याबाहेर. मी त्या माणसाचा इतका द्वेष केला, दाजी, की शिवताना काळे कापड आले तरी कात्री जोरात चालायची.

अनगोळच्या एका घरावर आमचा शेवटचा सामना झाला. ओसरी मापताना टेपेचे एक टोक धरायला कोणी नव्हते. काळी टोपी पुढे झाली आणि तिने निमूटपणे टोक धरले. माप झाले, आणि पुन्हा आम्ही भांडायला उभे राहिलो. मी वाढवले, त्याने वाढवले. मालक नुसता सुपारी कातरत होता. एवढ्यात मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीने इकडे येऊन राहिलेले एक शेटजी टांग्यातून उतरले, घर बाहेरूनच पाहिले, आणि आम्ही दोघे मिळून जेवढे बोललो होतो त्याहून जास्त बोलून सुपारी खायला बसले.

आम्ही दोघे बाहेर आलो. समोर पिंपळाचा पार होता, त्यावर दोन टोकांना बसलो. दिवस कलला होता. त्या माणसाने एकदा सूर्याकडे पाहिले, घाईघाईने डबा उघडला आणि मला म्हणाला, ‘‘अण्णा, आमच्यात दिवस बुडाल्यावर खात न्हाईत. तुम्हीबी सकाळपासून उपाशी हिंडालाय. घ्या.’’ ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शत्रूची भाकरी घ्यावी की नाही याचा विचार मी अर्धी भाकरी संपेपर्यंत करत होतो. मग म्हटले, ‘‘तुम्हाला एवढ्या घरांचं काय करायचं? निपाणीत वखारी असतील तुमच्या.’’

तो घास तोंडात धरूनच थांबला. ‘‘कुणाच्या? मी वखारीत कारकून. सदलग्याचा सुकुमार. इकडं बदली झाली, बायको आनि म्हातारी धर्मशाळेत हाईत. पर तुम्हीच मिलिटरीचे ठेकेदार न्हवं?’’

मी गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली.

दाजी, त्या पारावर आम्ही इतके हसलो की येणारेजाणारे थांबून बघू लागले. हसता हसता सुकुमाररावांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते हसण्याचेच होते की काय हे मी विचारले नाही, कारण माझेही तसेच झाले होते. धर्मशाळेची मुदत संपत आली होती. यल्लाप्पाच्या कानगोष्टींवर विसंबून दोन महिने आम्ही एकमेकांचीच घरे महाग केली होती.

तेव्हा सुकुमारराव म्हणाले की वडगावात मालुबाई नावाच्या विणकर बाईंचे घर आहे, मोठे आहे, एकट्याला परवडेना म्हणून आपण ते सोडून दिले. मीही त्याच कारणाने सोडले होते. एकट्याला न पेलणारे दोघांना पेलेल, हे दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आले. (भाकरीचा गुण असावा.)

मालुबाई विधवा, एकट्या. लेकीकडे इचलकरंजीला कायमच्या जायच्या होत्या. आम्ही दोघांनी आळीपाळीने हात जोडले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘‘घरात ऱ्हानार कोण? तुम्ही दिवसभर भायेर. बायकांना घेऊन या.’’

दुसऱ्या दिवशी गेलो. जयाबाई चालून दमली होती, ती उंबऱ्याशीच टेकली. सुकुमाररावांच्या बायकोने, ब्राह्मीवहिनींनी, जयाबाईला त्याआधी कधी पाहिलेही नव्हते. त्यांनी कोणाला न विचारता परसातल्या आडावरून घागर ओढली, जयाबाईच्या पायांवर पाणी घातले आणि ‘‘ऊटा आतेन री?’’ म्हणून विचारले. जेवण झाले का, असे ते कानडी. जयाबाईला कळले ते पाणी. ती म्हणाली, ‘‘लई बरं वाटलं गं बाई.’’ मालुबाई हे सारे मागाच्या खड्ड्याजवळ उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘एक गोदामवाला तुमच्यापरीस लई जास्त देतोय. पर जिथं माझ्या मालकांनी लुगडी विणली तिथं पोत्यांची थप्पी मी का लावू? ह्या दोघींना दिलं घर. तुम्हा गड्यांचं काय ते तुम्ही बघा.’’

आम्ही देऊ शकत होतो तेवढेच त्यांनी घेतले, एक पैसा वर मागितला नाही. जाताना चूल सारवून, आडाची दोरी नवी लावून गेल्या. टांग्यात बसल्यावर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. जयाबाई आणि ब्राह्मीवहिनी रस्त्याच्या वळणापर्यंत टांग्यामागून गेल्या. मी आणि सुकुमारराव दारातच उभे राहिलो.

चार दिवसांनी यल्लाप्पा दलाली मागायला हजर. आम्ही दोघे त्याच्यावर धावूनच गेलो, तर तो शांतपणे पिंक टाकून म्हणाला, ‘‘तुमची गाठ कुणी घातली?’’ मी त्याला एक सदरा शिवून दिला. उभ्या जन्मात मी इतक्या प्रेमाने काज केले नाही.

आता पूर्वेचा अर्धा त्यांचा, पश्चिमेचा आमचा. ते दिवस मावळण्याआधी जेवतात, आम्ही दिवा लागल्यावर, त्यामुळे आडावर गर्दी होत नाही. सुकुमाररावांची आई जयाबाईला रोज कानडीत रागावते. जयाबाईला ते आता चुकले तर करमत नाही. आम्हाला कसलीही उणीव नाही. तुमच्याकडून काहीही नको, फक्त आशीर्वाद असू द्या.

तुमचा,
रवळू

ता. क. — काहीही नको असे लिहिले, पण एक आहे. मी आणि सुकुमारराव यांनी विचार करून ठरवले आहे की पुढे मुलाबाळांत तंटा नको, म्हणून मधोमध भिंत घालावी. गुडघा बरा असेल तर ओळंबा घेऊन चार दिवस या. तुमच्या हातची भिंत म्हणजे कोर्टाचा निकाल.

आणखी ता. क. — हे आक्काला एकटीला वाचून दाखवा. जयाबाईला डोहाळे लागले आहेत, आणि तिला सुका बांगडा हवा आहे. रोज म्हणत नाही, पण ताटावर बसून नुसती भाताकडे बघत राहते. पलीकडच्या अर्ध्यात जैन मंडळी, या घरात ते नाव काढायची माझी छाती नाही. तेव्हा भिंतीच्या निमित्ताने याल तेव्हा आमसुलांच्या पिशवीत तळाशी चार बांगडे घालून आणा. कॅम्पात नेऊन भाजीन. कोणाला पत्ता लागता कामा नये. पत्र टपालात टाकायला जयाबाईकडे देऊन कामावर जातो.

*

ती. दाजींना जयाबाईचा नमस्कार. मला लिहिता येत नाही, म्हणून सांगते मी आणि लिहितात ब्राह्मीआक्का. पत्रही त्यांनीच मला वाचून दाखवले, शेवटपर्यंत. भिंत नको. आम्हा दोघींना कोणी विचारलेले नाही. तुम्ही मात्र या.

आता माझे, म्हणजे ब्राह्मीचे. बोलणे कानडी असले तरी मी मराठी शाळा शिकले आहे. दाजी, बांगडे पिशवीच्या तळाशी घालू नका, आमसुले वाया जातील. वेगळे बांधून आणा. गरोदर बाईला कॅम्पात कशाला चालवायचे? परसात, आडाच्या पलीकडे, चूल मी मांडून देते. त्या दिवशी मी आणि सासूबाई सकाळीच बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, देवाला जाऊ आणि दिवसभर तिथेच बसू. मात्र कधी येणार ते आधी कळवा, म्हणजे यांनाही बरोबर नेता येईल. यांना अजून काही ठाऊक नाही.