भोंग्यावरच्या खोलीत तपासणी

प्रति,
मा. अध्यक्ष, वैद्यकीय मंडळ,
कारखाना इमारत, पहिला मजला (बॉयलरघराच्या वर)

विषय : माझ्या यजमानांची तपासणी दुसऱ्या जागी घेण्याबाबत.
संदर्भ : 'गैरहजर, सबब आजारी नाही. सोमवारी बॉयलरवर रुजू व्हावे', हा आपला कालचा शेरा.

महोदय,

बॉयलर फुटला तेव्हा तो सांभाळणाऱ्या माझ्या यजमानांना खरचटलेही नाही, आणि तोच त्यांचा गुन्हा ठरला. तेव्हापासून किटलीची शिट्टी वाजली तरी ते टेबलाखाली सापडतात.

१. आपल्या पहिल्या डॉक्टरांनी धक्क्याने कणा हलल्याचे सांगून चामडी पट्टा दिला. त्यामुळे टेबलाखाली शिरणे तेवढे अवघड झाले.

२. दुसऱ्यांच्या मते कण्याचे मत जुने झाले होते, दोष नसांचा होता. त्यांच्या औषधाने झोप मलाच लागली, कारण चव मी पाहिली.

३. तिसऱ्यांनी नसा मोडीत काढल्या आणि लहानपणी आई रागावत असे का, ते विचारले. हे सासूबाईंच्या कानावर गेले आणि त्यांनी अबोला धरला, तोही माझ्याशी.

४. चौथे म्हणाले, सोंग आहे. झोपेत किंचाळण्याचे सोंग रोज कसे जमते, ते त्यांनी आधी करून दाखवावे.

५. आता आपण म्हणता, आजार खरा आहे, त्याला नवे नावही आहे. ऐकून मी रडले. पण ते नाव कागदावर मिळवायला आपल्या भोंग्यावरच्या खोलीत यायचे, तेही भोंग्याच्या वेळी! काल यजमान फाटकापर्यंत आले. भोंगा झाला. सायकलींच्या रांगेमागून त्यांना मी हाताला धरून घरी आणले. पाण्याला घाबरणाऱ्याची परीक्षा विहिरीत घेतात का, महोदय?

तरी तपासणी आमच्या स्वयंपाकघरात घ्यावी. किटली मी चढवणार नाही. तोवर त्यांना बॉयलरवर पाठवू नये, कारण तिथून ते धड परत येणार नाहीत.

येताना एक प्रश्न आणावा. कणा, नसा, आई, सोंग, सगळे विचारून झाले. त्या दिवशी काय झाले, हे कोणी विचारले नाही. काल वाटेत मी विचारले. ते म्हणाले, "धोक्याचा भोंगा झाला की बॉयलरघराचं दार बाहेरून लावायचं, असा नियम होता. मी लावलं. पाळीतला जोडीदार आतून ठोकत होता."

हे कोणत्या आजारात बसते, ते सोमवारपूर्वी कळवावे.

आपली नम्र,
बॉयलरवाल्याची बायको
दिनांक : हुकलेल्या तपासणीचा दुसरा दिवस

सोबत : चामडी पट्टा, परत.