मनमिळाऊ कोणाला म्हणतोस?

प्रिय दादा,

मनमिळाऊ? आणि आपले बाबा? श्रद्धांजलीचा मजकूर तू तिकडूनच पाठवून दिलास, तो छापूनही आला, आणि सकाळपासून माझं डोकं फिरलंय. अरे, त्या पानावरचे झाडून सगळे मनमिळाऊ आहेत! ज्याच्याबद्दल काही ठाऊक नसतं त्याला चिकटवायचा शब्द तो. ज्याचं मन चटकन दुसऱ्याशी मिळतं, तो मनमिळाऊ. बाबा कधी कुणात मिसळले? जनावरांचे डॉक्टर, पण मालकाशी धड बोलतील तर शपथ. शेजारीण मांजर घेऊन आली, की विचारपूस सगळी मांजराची.

त्यांचा शब्द वेगळा होता, आणि तो तुला चांगला ठाऊक आहे. रविवारी आपल्याला दवाखान्याच्या टेबलावर बसवून नखं कापायचे आणि दर वेळी तेच सांगायचे. नखाखालचं जिवंत मांस म्हणजे जिव्हाळी, जिव्हाळा तिथलाच, म्हणून तिथवर कात्री न्यायची नाही. काळ्या नखांच्या कुत्र्यांचीसुद्धा जिव्हाळी त्यांना बरोबर कळायची. चुकले ते एकदाच, तुझ्या अंगठ्यावर. रक्त बघून तू घर डोक्यावर घेतलंस. त्यानंतर त्यांनी तुला टेबलावर घेतलं नाही, आणि तू आजतागायत सांगत फिरतोस की बाबांनी मला लांब केलं. शहाणाच आहेस! घाबरले होते ते. पुढेही घाबरूनच राहिले, आणि तूही कधी हात पुढे केला नाहीस. माझी नखं कापताना मात्र विचारायचे, त्याची कोण कापतं गं? मला काय कमी राग यायचा?

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, बाळाची नखं कापायला भीती वाटते. बाबा शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी काठी टेकत बाजारात गेले आणि इवलीशी कात्री घेऊन आले. आधी स्वतःच्या करंगळीवर चालवून पाहिली, मग टोकं घासून बोथट केली. मी म्हटलं, पाठवून देते. तर माझ्यावरच खेकसले, नुसती पाठवून काय उपयोग, धरायची कशी ते दाखवावं लागतं, तो आला की दाखवीन. तू आला नाहीस. शेवटी माझ्याच बोटांवर दाखवलं त्यांनी. तेव्हा कात्री पोस्टानं मिळणार नाही, सांगून ठेवते. बाळाला घेऊन ये आणि त्याच टेबलावर बस.

तुझीच, अजून रागावलेली,
धाकटी